फायनल फँटसी या व्हिडिओ गेम मालिकेचे जुने भाग: कुठे लेव्हल चढवायची आणि कुठे हात आखडता घ्यायचा?

सेव्ह_पॉइंट

दहावा भाग पूर्ण झालाय. आता मागे जाऊन पाचवा, सहावा, आठवा, नववा आणि मग बारावा असा बेत आहे. दहाव्यात स्फिअर ग्रिडचं काम सरळ आहे. लढा, एपी (क्षमता वाढवायचे गुण) जमवा, ग्रिडवर सरका. आज केलं काय किंवा वीस तासांनी केलं काय, काही बुडत नाही. जुन्या भागांबद्दल मात्र उलटसुलट वाचायला मिळतं. कुणी म्हणतं आठव्यात लेव्हल वाढवूच नका, कुणी म्हणतं सहाव्यात ठरावीक ठिकाणापर्यंत थांबा, कुणी म्हणतं पाचव्यात मनसोक्त ग्राइंड करा, म्हणजे लेव्हलसाठी मुद्दाम लढत राहा.

नक्की कुठल्या भागात लवकर लेव्हल वाढवणं महागात पडतं, आणि का? नुसतं 'करू नका' नको, आतली यंत्रणा समजली तर आपलं आपण ठरवता येईल. कथा फोडू नका, पण एखादी गोष्ट कायमची हुकणार असेल तर तेवढी सांगा. आणि सहाव्यापर्यंतचे भाग पिक्सेल रीमास्टर या नव्या आवृत्तीत खेळावेत की जुन्या आवृत्त्यांमध्ये?

मॅजिसाइट

बेत चांगला आहे. आधी एक ध्यानात घ्या, या मालिकेत 'लेव्हल' म्हणजे काय हे जवळजवळ दर भागात नव्याने ठरतं. १९८७ च्या पहिल्या भागात अनुभव मिळाला, लेव्हल वाढली, ताकद वाढली, विषय संपला. पुढच्याच वर्षी दुसऱ्या भागात लेव्हल काढूनच टाकली. तिथे तलवार चालवली तर तलवारीचं कौशल्य वाढतं आणि मार खाल्ला तर एचपी (जीवशक्ती) वाढतात. तेव्हापासून हा खेळ चालूच आहे. म्हणून 'किती ग्राइंड करू?' विचारण्याआधी 'लेव्हल वाढते त्या क्षणी कायमचं काय ठरतं?' हे विचारायचं. काहीच ठरत नसेल तर हवं तेव्हा वाढवा.

तुमच्या यादीतल्या पाचव्यात आणि बाराव्यात असं काही ठरत नाही. सहाव्यात आणि नवव्यात ठरतं. आठव्यात प्रश्न वेगळाच आहे, तिथे तुमच्याबरोबर शत्रूही वाढतात. त्यावर इथले जाणकार लिहितीलच, मी सहाव्याचं सांगतो.

सहाव्यात (१९९४) लेव्हल वाढली की एचपी आणि एमपी (जादू करायची शक्ती) वाढतात. स्ट्रेंग्थ, स्पीड, स्टॅमिना, मॅजिक हे चार गुण आपोआप वाढत नाहीत. ते कायमचे वाढवायचा मार्ग म्हणजे एस्पर, पात्रावर चढवता येणारे जादुई जीव. काही एस्परच्या नावापुढे लेव्हल-अप बोनस लिहिलेला असतो. लेव्हल वाढते नेमक्या त्या वेळी जो एस्पर चढवलेला असेल त्याचाच बोनस मिळतो. बिस्मार्क असेल तर स्ट्रेंग्थ २ ने वाढते, कॅट सिथ असेल तर मॅजिक १ ने, झोना सीकर असेल तर मॅजिक २ ने. झोना सीकर जिडूरच्या लिलावघरात १०,००० गिलला (गिल म्हणजे खेळातले पैसे) मिळतो. तिथे दर वेळी वेगळी वस्तू बोलीला येते, त्यामुळे तो येईपर्यंत आत-बाहेर करावं लागतं. गोलेमही तिथेच मिळतो, २०,००० ला.

पहिले एस्पर झोझो गावात हाती येतात. त्याआधी वाढलेली प्रत्येक लेव्हल बोनसविना गेली म्हणून समजा. त्यातही एक बारकावा लोकांच्या नजरेतून सुटतो. नवा माणूस पार्टीत येतो तो तुमच्या सरासरी लेव्हलला जुळवून घेऊन येतो. म्हणजे तुम्ही झोझोआधी तिघांना खूप वर चढवलंत तर नंतर येणाऱ्यांच्याही तितक्या लेव्हल बोनसविना गेल्या. गोगो आणि उमारो या दोघांना एस्पर चढवताच येत नाही, त्यांचा या हिशेबाशी संबंध नाही.

जादू शिकण्याचं गणित निराळं. एस्परमधल्या प्रत्येक जादूपुढे ×१०, ×५, ×२ असा आकडा असतो. लढाईत मिळालेला एपी त्या आकड्याने गुणायचा, तेवढे टक्के शिकून होतात. रामूकडे थंडर ×१० आहे, म्हणजे १० एपीमध्ये पूर्ण. थंडारा ×२, म्हणजे ५० एपी. पॉयझन ×५, म्हणजे २० एपी. शंभर टक्के झाले की एस्पर काढून टाकला तरी जादू राहते. नेहमीची पद्धत अशी: रोजच्या लढायांना शिकवणारा एस्पर ठेवायचा आणि स्टेटस पानावर पुढच्या लेव्हलला थोडा अनुभव उरलेला दिसला की बोनसवाला चढवायचा.

आता याचा बाऊ किती करायचा? माझ्या मते फार नाही. शेवटची लढाई जिंकायला यातलं काहीच लागत नाही, बोनस न घेताही मधल्या लेव्हलला ती आरामात जिंकता येते. फक्त झोझोआधी मुद्दाम थांबून ग्राइंड करू नका, एवढं पाळलं तरी पुष्कळ.

हुकणारी गोष्ट एकच सांगतो, कथा न फोडता. तरंगत्या खंडावरून निसटताना घड्याळ उलटं चालू होतं. कड्यावर पोचल्यावर 'उडी मारायची की थांबायचं' असा पर्याय येतो. थांबा. घड्याळात शेवटचे ५ सेकंद उरेपर्यंत थांबा. आधी उडी मारलीत तर एक पात्र त्या सेव्हमध्ये परत कधीच मिळत नाही. खेळ तुम्हाला हे कुठेही स्पष्ट सांगत नाही. घड्याळ सुरू होण्याआधीची सेव्ह वेगळ्या जागी ठेवा.

पिक्सेल रीमास्टरबद्दल: पहिले तीन भाग जुलै २०२१ मध्ये आले, सहावा फेब्रुवारी २०२२ मध्ये, आणि कन्सोलवर सगळे एप्रिल २०२३ मध्ये. कन्सोलच्या आवृत्तीत अनुभव ० ते ४ पट करायची सोय आली. ० वर ठेवलं की लढायांमधून लेव्हल हलत नाही, त्यामुळे वरचा सगळा हिशेब ज्याला काटेकोर पाळायचाय त्याला फारच सोपं झालं. उलट बाजूला, गेम बॉय अॅडव्हान्सवर पाचव्यात जे चार जादा जॉब होते आणि पाचव्या-सहाव्यात ज्या जादा गुहा होत्या त्या रीमास्टरमध्ये नाहीत. पहिल्यांदा खेळणाऱ्याला त्यांची उणीव जाणवणार नाही. एक मात्र करा, सहावा अगदी मूळ १९९४ च्या रूपात खेळू नका. त्यात एक जुनी चूक आहे: इव्हेड (वार चुकवण्याची शक्यता) हा आकडा कामच करत नाही, तलवारीचा वारसुद्धा मॅजिक इव्हेडवर तपासला जातो. ढाली आणि चिलखतं निवडताना अर्धी माहिती फुकट जाते.

ट्रिपल_ट्रायड

आठव्याबद्दल 'लेव्हल वाढवू नका' हा सल्ला बरोबर आहे, पण त्यामागचं कारण कळल्याशिवाय तो पाळला तर खेळ कंटाळवाणा होतो.

आठव्यात (१९९९) प्रत्येक लेव्हलला बरोबर १,००० अनुभव लागतो, पाचवी असो की नव्वदावी. शत्रूंची लेव्हल तुमच्या पार्टीच्या सरासरीवर ठरते. तुम्ही १० चे ३० झालात की वटवाघूळसुद्धा ३० चं होऊन येतं. लेव्हलने तुमचे गुण मात्र अगदी थोडे वाढतात. खरी ताकद जंक्शनमधून येते, म्हणजे साठवलेली जादू एचपी, स्ट्रेंग्थ, मॅजिक वगैरेंना जोडून. १०० नग जोडले की पूर्ण परिणाम. त्यामुळे लेव्हल वाढवून शत्रू बळकट होतात, आणि जादू जमवून फक्त तुम्ही बळकट होता. निवड उघड आहे.

इथेच दहाव्यावरून येणाऱ्याची सवय आड येते. स्ट्रेंग्थला जोडलेली जादू लढाईत वापरलीत तर नग कमी होतात आणि स्ट्रेंग्थ तिथल्या तिथे उतरते. जोडलेल्या जादूला हात लावायचा नाही. लढाईत वापरायला वेगळी, स्वस्त जादू ठेवा, किंवा शत्रूकडून ड्रॉ करून (ओढून घेऊन) लगेच तिथेच वापरा.

दुसरी चूक म्हणजे दर शत्रूसमोर उभं राहून १०० नग ड्रॉ करत बसणं. लोक आठव्याला रटाळ म्हणतात ते बहुतेक यामुळे. जादू ड्रॉ करण्यापेक्षा वस्तूंपासून बनवणं किती तरी जलद आहे. सुरुवातीचे काही तास असे घालवा.

वर्गातल्या टर्मिनलवर क्वेझाकॉटल आणि शिवा हे गार्डियन फोर्स, म्हणजे पात्राला जोडायचे आणि क्षमता शिकणारे जादुई जीव, मिळतात. क्वेझाकॉटलला लगेच 'कार्ड' शिकायला लावा (४० एपी), मग 'कार्ड मॉड' (८० एपी). कार्ड ही आज्ञा शत्रूला पत्त्यात बदलते (आठव्यात पत्त्यांचा एक वेगळा खेळही आहे). अशा शत्रूचा अनुभव मिळत नाही, पण एपी मिळतो. आपल्याला नेमकं हेच हवंय. शत्रूचे एचपी जितके कमी तितकी ती लागू पडायची शक्यता जास्त, म्हणून आधी अर्धमेला करा, मग कार्ड. बॉसकडून मुळात अनुभव मिळतच नाही, एपी मिळतो, तेव्हा त्यांना बिनधास्त मारा.

डोलेटच्या मोहिमेत एल्वोरेट या बॉसकडून सायरन हा गार्डियन फोर्स ड्रॉ करायला विसरू नका. तिची 'एल मॅग-आरएफ' ही क्षमता एका तंबूपासून १० क्युरागा बनवते. तंबू दुकानात १,००० गिलला मिळतो. दहा तंबू म्हणजे १०० क्युरागा. ते एचपीला जोडले की एचपी २,००० हून जास्त वाढतात, आणि तेही अशा टप्प्यावर की समोरच्यांचे फटके शंभर-दोनशेचे असतात.

स्ट्रेंग्थसाठी अॅबिस वर्मचा पत्ता शोधा. कार्ड मॉडने एका पत्त्याची एक विंडमिल होते आणि क्वेझाकॉटलच्या 'टी मॅग-आरएफ'ने एका विंडमिलचे २० टॉर्नेडो होतात. पाच पत्ते, १०० टॉर्नेडो. पहिल्या डिस्कमध्ये यापेक्षा चांगलं स्ट्रेंग्थ जंक्शन सहज मिळत नाही. पत्ते हरायला नको असतील तर आधी सेव्ह करा आणि 'रँडम' हा नियम आपल्या भागात पसरू देऊ नका. रँडममध्ये हातातले पत्ते खेळ स्वतः निवडतो, चांगला पत्ता नकळत डावाला लागतो आणि जातो.

टिंबरला निघण्याआधी सिड जादूचा दिवा देतो. आधी सेव्ह करा, मग मेनूतून दिवा वापरा. डायाब्लोसशी लढाई होते. त्याची गुरुत्वाची जादू असलेल्या एचपीचा मोठा लचका तोडते, पण त्या जादूने कुणी मरत नाही. मारतो तो त्यानंतरचा साधा फटका. त्याच्यावर ब्लाइंड लागू पडतो, तो टाकला की साधे फटके बहुतेक हुकतात आणि लढाई हातात येते. डायाब्लोस मिळाला की 'एन्क-हाफ' (३० एपी) आणि त्यानंतर 'एन्क-नन' (१०० एपी). एन्क-नन लावलं की वाटेतल्या लढाया बंद. २०१९ च्या रीमास्टरमध्ये ही सोय बटणावरच आहे, पण मूळ खेळातही ती अशी कमावता येते.

लेव्हल कमी ठेवण्याची किंमतही आहे, ती कुणी सांगत नाही. मेनूतल्या सीडच्या (नायकाच्या भाडोत्री सैनिक दलाच्या) लेखी परीक्षा ३० आहेत आणि नायक स्क्वॉलची लेव्हल जितकी, तितक्याच देता येतात. प्रत्येक परीक्षेने पगाराची श्रेणी एक पायरी चढते. लेव्हल ८ वर अडून बसलात तर पगारही अडतो. शिवाय शत्रूंची लेव्हल कमी असली की त्यांच्याकडे ड्रॉ करायला वरच्या दर्जाची जादू नसते आणि पडणाऱ्या वस्तूही हलक्या असतात. म्हणून शून्य अनुभवाचा हट्ट धरू नका. कथेच्या ओघात होईल तेवढी लेव्हल होऊ द्या, फक्त मुद्दाम ग्राइंड नको. पुढे इफ्रीटकडे 'स्ट्रेंग्थ बोनस'सारखी क्षमता शिकून झाली की प्रत्येक लेव्हलला जादा १ स्ट्रेंग्थ मिळते. तेव्हा उरलेल्या लेव्हल चढवल्या तर त्यांचं चीज होतं.

सेव्ह_पॉइंट

दोघांचेही आभार, हेच हवं होतं. दोन शंका. आठव्यात क्विस्टिस या पात्राच्या पत्त्यापासून काही भारी बनतं असं वाचलं, तो मोडावा का? आणि पाचव्यात कुठला जॉब (लढाईतली भूमिका) कुणाला द्यायचा हे आधी ठरवून ठेवावं लागतं का?

ट्रिपल_ट्रायड

क्विस्टिसचा पत्ता गार्डनच्या (नायकाच्या शाळेच्या) कॅफेटेरियात तिच्या चाहत्यांशी खेळून जिंकता येतो. मोडला की ३ समांथा सोल, आणि डायाब्लोसच्या 'टाइम मॅग-आरएफ'ने प्रत्येकीचे ६० ट्रिपल, म्हणजे १८० ट्रिपल. ट्रिपल जवळजवळ कुठल्याही गुणाला जोडायला उत्तम. पण पत्त्याची प्रत एकच असते आणि तो पत्ता खेळायलाही बळकट आहे. पत्त्यांचा खेळ आवडत असेल तर जपा. त्यात रस नसेल तर मोडा, पहिल्या डिस्कचा उरलेला भाग लोण्यासारखा जाईल.

निळा_जादूगार

पाचव्याचं (१९९२) उत्तर: नाही, आधी काहीही ठरवावं लागत नाही. म्हणूनच तो माझ्या मते या मालिकेतला सगळ्यात मोकळा खेळ आहे.

पाचव्यात गुण ठरतात ते पात्र आणि सध्याचा जॉब यांवरून. लेव्हल वाढताना कुठला जॉब होता याची कुठेही नोंद राहत नाही. लेव्हल २० पर्यंत व्हाइट मेज ठेवून मग नाइट केलात तरी तो सुरुवातीपासून नाइट असल्यासारखाच असतो. जमतो तो फक्त जॉबचा एबीपी (क्षमता शिकायचे गुण), आणि शिकलेली क्षमता कायम राहते. म्हणून 'कोण कुठला जॉब' यापेक्षा 'कुणाकडून कुठली क्षमता कुठे न्यायची' हा विचार करा.

सगळ्यात गाजलेली जोडणी मिस्टिक नाइटची स्पेलब्लेड, रेंजरचा रॅपिड फायर आणि निन्जाचं दोन्ही हातांनी लढणं यांची. रॅपिड फायर म्हणजे चार वार, प्रत्येकाचं नुकसान निम्मं, पण एकही हुकत नाही आणि शत्रूचा बचाव मोजला जात नाही. दोन हातांत दोन शस्त्रं असली की चाराचे आठ होतात. तलवारींवर स्पेलब्लेडने शत्रूच्या कमजोरीची जादू चढवली की आठही वारांना ती लागते. हे एका माणसात बसवायची युक्ती अशी: निन्जा पूर्ण मास्टर करा आणि मग फ्रीलान्सर व्हा. मास्टर केलेल्या जॉबचे अंगभूत गुण फ्रीलान्सरला आपोआप मिळतात, त्यामुळे दोन शस्त्रं धरायला क्षमतेची जागा खर्च होत नाही. उरलेल्या दोन जागांत स्पेलब्लेड आणि रॅपिड फायर. मिस्टिक नाइट पाण्याच्या स्फटिकापासून मिळतो, रेंजर आणि निन्जा अग्नीच्या. तेव्हा पहिल्या जगाच्या शेवटाआधी या फंदात पडून उपयोग नाही.

एबीपीसाठी ग्राइंड करायचंच असेल तर दुसऱ्या जगापर्यंत थांबा. बाल किल्ल्याच्या तळघरातले चालते पुतळे हे जुनं ठिकाण. त्यांची लेव्हल ५ ने भाग जाणारी, म्हणून ब्लू मेजची 'लेव्हल ५ डेथ' टाकली की सगळे एका फटक्यात गार. ही जादू नसेल तर गोल्ड नीडल वापरा, दगडाचे असल्यामुळे तिनेही मरतात. पहिल्या जगात तेवढाच एबीपी मिळवायला कित्येक पट वेळ जातो.

ब्लू मेजबद्दल एवढंच की शत्रूची जादू शिकायला तिचा मार ब्लू मेजलाच किंवा 'लर्निंग' लावलेल्यालाच बसावा लागतो. ती क्षमता लवकर शिकून एकाला कायम लावून ठेवा.

यादीत नाहीत, तरी दुसऱ्या-तिसऱ्याबद्दल दोन वाक्यं. दुसऱ्यात जड चिलखत घालू नका. त्याने चुकवण्याची क्षमता आणि जादू दोन्ही पडतात, आणि त्या भागात चुकवणं हाच खरा बचाव आहे. चौथ्या जागेवर येणारी माणसं बदलत राहतात, म्हणून महत्त्वाची जादू पहिल्या तिघांनाच शिकवा. तिसऱ्यात लेव्हल वाढताना जो जॉब असेल त्याच्या व्हायटॅलिटीवर एचपी किती वाढणार हे ठरतं, तेव्हा लेव्हल जवळ आली की मंकसारखा दणकट जॉब बरा.

गॅम्बिट_बारा

बाराव्याचं मी घेतो. 'द झोडिअॅक एज' (२०१७) हीच आवृत्ती घ्या. २००६ च्या मूळ खेळात सगळ्यांना एकच लायसन्स बोर्ड (क्षमता उघडायचा पट) होता, त्यामुळे शेवटी सहाही जण सारखे होत. नव्यात १२ जॉब आहेत आणि प्रत्येकाला दोन बोर्ड मिळतात. सहा माणसं, प्रत्येकी दोन, म्हणजे बारा. एकही जॉब दोनदा न देता सगळे वापरता येतात, आणि पहिल्या वेळी तसंच करावं. दुसरा बोर्ड रायथवॉलच्या थडग्यात बेलियास हा एस्पर मिळाल्यावर उघडतो. नंतरच्या अपडेटपासून क्लॅनच्या कचेरीतला माँब्लांक जॉब बदलूनही देतो, लायसन्स पॉइंट परत मिळतात. थोडक्यात, इथे कायमचं काहीच बिघडत नाही. मूळ आवृत्तीत चार ठरावीक पेट्या उघडल्या तर झोडिअॅक स्पिअर हुकायचा, ती भानगडही नव्यात काढलीय.

बाराव्यात ग्राइंडपेक्षा गॅम्बिटची, म्हणजे साथीदारांनी आपोआप काय करायचं याच्या अटींची, मांडणी जास्त महत्त्वाची. लढाई अवघड वाटली की बहुतेकदा लेव्हल कमी नसते, गॅम्बिटचा क्रम चुकलेला असतो. यादी वरून खाली वाचली जाते आणि जी पहिली अट खरी ठरते ती कृती होते, खालच्या ओळी पाहिल्याच जात नाहीत. म्हणून हल्ला सर्वात वर ठेवला तर उपचार कधीच होणार नाही. उपचार करणाऱ्याची यादी साधारण अशी असावी. सगळ्यात वर 'कुणीही साथी: फिनिक्स डाउन'. त्याखाली 'साथी, एचपी ५०% पेक्षा कमी: क्युरा'. त्याखाली 'कुणीही साथी: एस्यूना', जो बाधा असलेलाच माणूस शोधतो, उगीच चालत नाही. मग 'नायकाचं लक्ष्य: हल्ला'. प्रोटेक्टसारख्या संरक्षक जादू हल्ल्याच्या खाली ठेवल्या तर त्या शत्रू नसताना चढतात आणि लढाईतली बारी खात नाहीत.

चोरीची ओळ बरेच जण 'कुणीही शत्रू: चोरी' अशी लावतात आणि तो माणूस रिकाम्या खिशात हात घालत बसतो. 'शत्रू, एचपी १००%: चोरी' अशी लावा आणि ती हल्ल्याच्या वर ठेवा. शत्रूला पहिला फटका बसला की अट मोडते आणि तो लढायला लागतो. आणि बाकीच्यांना 'सगळ्यात जवळचा शत्रू' देऊ नका, 'नायकाचं लक्ष्य' द्या, नाही तर तिघं तीन दिशांना तीन शत्रू अंगावर घेतात. नवीन खेळाडूची पार्टी झोपते ती बहुतेक अशीच.

पैसे हवे असतील तर एकाच जातीचे शत्रू सलग मारा. साखळी वाढली की पडणाऱ्या वस्तू वाढतात, मध्ये दुसरी जात मारली की तुटते.

मॅजिसाइट

नवव्याचं राहिलं. नवव्यात (२०००) लेव्हल वाढताना अंगावरच्या उपकरणांचे स्ट्रेंग्थ +१, मॅजिक +२ असे आकडे आत साठत जातात आणि ३२ साठले की एक कायमचा गुण होतो. यावरून काही जण पहिली लेव्हल धरून बसतात, चांगली उपकरणं मिळेपर्यंत. हिशेब करून पाहा: +१ चं उपकरण १ पासून ९९ पर्यंत काढलंच नाही तरी ९८ साठतात, म्हणजे शेवटी तीनच गुण. पहिल्यांदा खेळताना यासाठी काही सोडू नका.

तसंच एक्सकॅलिबर २ या तलवारीचं. शेवटाकडच्या मेमोरियापर्यंत १२ तासांच्या आत पोचलं तरच ती मिळते. त्यासाठी धावपळ केलीत तर नवव्यातलं जे सुंदर आहे, गावातली माणसं, अॅक्टिव्ह टाइम इव्हेंट, चोकोबोचं खणणं, ते सगळं मागे सुटतं.

ट्रिपल_ट्रायड

एक्सकॅलिबर २ बद्दल सहमत. पण नवव्यात चोरीकडे दुर्लक्ष नको, असं माझं ठाम मत आहे. शत्रूकडे चार जागा असतात आणि त्यातून वस्तू मिळण्याची शक्यता २५६ पैकी २५६, ६४, १६ आणि १ अशी असते. नायक झिडानला 'बँडिट' शिकवली की पहिलीच चाचणी हुकण्याचा प्रश्न मिटतो, 'मास्टर थीफ'ने दुर्मीळ जागांची शक्यता वाढते. बॉसकडची दुसरी-तिसरी वस्तू अनेकदा पुढच्या गावच्या दुकानाच्याही पुढची असते, आणि उपकरणातूनच क्षमता शिकायच्या असल्याने ती लवकर हाती आली तर फायदा दुप्पट. शेवटच्या, १ वाल्या जागेसाठी मात्र फार वेळ घालवू नका. बॉसला जिवंत ठेवून तासभर चोरी करण्याइतकं मोल फार थोड्या वस्तूंना आहे.

सेव्ह_पॉइंट

म्हणजे सहाव्यात झोझोपर्यंत आणि आठव्यात सुरुवातीपासून जपून, बाकी मोकळं. आता शेवटचं. नंतर सातवा, तेरावा आणि पंधरावाही करायचाय. तिथे असलं काही आहे का?

गॅम्बिट_बारा

सातव्यात (१९९७) नाही. मटेरिया (शस्त्र-चिलखताच्या खाचांत बसवायचे जादूचे गोळे) काढली की तिचे परिणाम निघून जातात, लेव्हलशी तिचा संबंध नाही. पैशासाठी 'ऑल' मटेरिया जास्त वाढीच्या खाचांत ठेवा. ती ३५,००० एपीला मास्टर होते, विकली की १४ लाख गिल येतात, आणि मास्टर होताना नवी कोरी एक जन्मते ती वेगळीच.

तेराव्यात (२००९) ग्राइंडला खेळच लगाम घालतो. क्रिस्टेरियम या वाढीच्या पटाचा पुढचा टप्पा कथेतल्या ठरावीक जागीच उघडतो, तोवरचे गुण भरले की लढून काही मिळत नाही. अकराव्या प्रकरणात मैदान खुलं होतं, बाजूच्या मोहिमा तेव्हाच करा. शेवटचा टप्पा शेवटचा बॉस हरवल्यावर उघडतो. लढाईत रॅव्हेजर ही भूमिका घेतलेला माणूस नुकसान वाढवणारी साखळी चढवतो पण ती झरझर उतरते, कमांडो ती धरून ठेवतो. दोन रॅव्हेजर आणि एक कमांडो ही मांडणी कायम हाताशी हवी. शस्त्रं सुधारताना आधी हाडं-चिकट द्रव असे सेंद्रिय भाग घालून गुणक ३ पट करा, मग एकदम यांत्रिक भाग ओता. थोडे थोडे यांत्रिक भाग घातलेत तर गुणक प्रत्येक वेळी खाली येतो आणि महागडा माल वाया जातो.

पंधराव्यात (२०१६) अनुभव झोपेपर्यंत नुसता साठतो, लेव्हल झोपल्यावर वाढते. तंबूत १ पट. लेस्टॅलमच्या लेव्हिल हॉटेलात १.५ पट. गाल्डिन की इथे १०,००० गिल मोजून २ पट, आणि अल्टिसियात ३०,००० मोजून ३ पट. अल्टिसियाला जायच्या आधी काही दिवस न झोपता अनुभव साठवत गेलात तर एका रात्रीत लेव्हलचा ढीग मिळतो. पण अंधार पडल्यावर रस्त्यावर डेमन निघतात आणि सुरुवातीच्या लेव्हलला ते झेपत नाहीत. दिवस मावळला की नकाशावर जवळचा कॅम्प किंवा कॅराव्हॅन कुठे आहे हे पाहून ठेवा, आणि अल्टिसियासाठी साठवायचं असेल तर रात्रीच्या मोहिमा सोडून दिवसाच्याच घ्या.